जुन्या वेल्डिंग यंत्राच्या पाटीवरचा इतिहास

१/
आजचा धागा लांब आहे, सवडीने वाचावा. गेल्या महिन्यात माझ्या भाच्याने घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये छोटीशी कार्यशाळा मांडण्याचे ठरवले आणि एक जुने वेल्डिंग यंत्र पाहण्यासाठी मला कोल्हापूरच्या उद्यमनगरात नेले. गेट, खिडकीची जाळी, ट्रॉलीची मोडलेली कडी एवढेच त्याला जोडायचे आहे. रॉडवर चालणारे साधे यंत्र त्याला पुरेसे होते आणि नवे घेण्याइतके पैसे नव्हते.

२/
दुकानाच्या कोपऱ्यात ते उभे होते. चार चाकांवरची हिरवी पेटी, वर फिरवायचे चाक, आत तेल. "असलं वजन आता मिळत नाही, साहेब," दुकानदार म्हणाले आणि भाचा तिथल्या तिथे विरघळला. माझे लक्ष मात्र पेटीच्या बाजूला ठोकलेल्या पाटीकडे गेले. शिलालेख वाचण्याची सवय लागलेल्या माणसाला कुठलीही कोरीव पाटी दिसली की थांबावेसे वाटते. तिच्यावर चार-पाच आकडे होते: भारविरहित व्होल्टेज, प्रवाहाची मर्यादा, ड्यूटी सायकल, पुरवठ्याचे व्होल्टेज. हे आकडे कुठून आले, हाच आजचा विषय. ते वाचता आले तर जुने यंत्र पारखता येते. एरवी पेटीचा रंग आणि दुकानदाराचा शब्द यांवरच भिस्त ठेवावी लागते.

३/
प्रारंभ ठिणगीपासून. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रशियात वासिली पेत्रोव्ह आणि इंग्लंडमध्ये हम्फ्री डेव्ही यांनी मोठ्या बॅटरीच्या दोन टोकांमध्ये अखंड विद्युत्‌ज्योत पेटवून दाखवली. तिला आपण 'आर्क' म्हणतो. पुढची सत्तर वर्षे तिचा उपयोग मुख्यतः दिव्यासाठी झाला. लोखंड वितळवण्याइतकी उष्णता तिच्यात आहे हे ठाऊक असूनही ती उष्णता सांध्यासाठी वापरण्याइतकी वीज स्वस्तात कुणाकडे नव्हती. डायनॅमो आला आणि चित्र पालटले.

४/
१८८१ मध्ये फ्रान्समध्ये ऑग्युस्त द मेरितां यांनी बॅटरीच्या शिशाच्या पट्ट्या कार्बनच्या आर्कने जोडल्या. त्याच सुमारास पॅरिसमध्ये काम करणारे रशियन संशोधक निकोलाय बेनार्दोस यांनी हे तंत्र लोखंडावर आणले आणि १८८५ पासून स्तानिस्वाव ओल्शेव्स्की यांच्यासह अनेक देशांत त्याची पेटंटे घेतली. ग्रीकांचा लोहारदेव हेफेस्टस. त्याच्या नावावरून बेनार्दोस यांनी आपल्या तंत्राला 'विजेचा हेफेस्टस' अशा अर्थाचे नाव दिले.

५/
बेनार्दोस यांचा दांडा कार्बनचा होता. तो फक्त तापवायचा, भरावासाठी धातू वेगळा द्यावा लागे. १८८८ मध्ये रशियातील पेर्मच्या तोफखान्यात निकोलाय स्लाव्यानोव यांनी कार्बन काढून टाकला आणि धातूचाच दांडा लावला. आता दांडा स्वतः वितळून सांध्यात उतरू लागला. आपल्या गल्लीतल्या फॅब्रिकेटरच्या हातात जो रॉड असतो, त्याचा पूर्वज हाच. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात स्लाव्यानोव यांनी आठ वेगवेगळे धातू एकावर एक वितळवून घडवलेला पेला मांडला होता. अमेरिकेत धातूच्या दांड्याचे पेटंट १८९० मध्ये डेट्रॉइटच्या चार्ल्स कॉफिन यांना मिळाले. म्हणून "वेल्डिंगचा शोध कुणी लावला?" या प्रश्नाचे एका ओळीत उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

६/
पण या उघड्या दांड्यात एक मोठे वैगुण्य होते. वितळलेले लोखंड हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन अधाशासारखे शोषून घेते. सांधा वरून भरलेला दिसे, आतून मात्र सच्छिद्र आणि ठिसूळ असे. शिवाय ज्योत वारंवार विझे. बॉयलरसारख्या दाबाच्या भांड्यावर असा सांधा विश्वासार्ह नव्हता. तिथे रिव्हेटांचेच राज्य चालू राहिले. आपल्याकडचा हावडा पूल १९४३ मध्ये खुला झाला, तोही रिव्हेटांचाच, यावरून त्या राज्याचे आयुष्य लक्षात येईल.

७/
ही अडचण सोडवली एका जहाज-अभियंत्याने. स्वीडनचे ऑस्कर शेलबेर्ग. वाफेच्या जहाजांच्या बॉयलरांचे गळके सांधे दुरुस्त करणे हा त्यांच्यापुढचा व्यावहारिक प्रश्न होता. १९०४ मध्ये गोथेनबर्ग येथे त्यांनी 'इसाब' ही कंपनी काढली आणि नंतरच्या दोन-तीन वर्षांत लोखंडी तार कार्बोनेट आणि सिलिकेट यांच्या दाट लगद्यात बुडवून वाळवण्याची युक्ती साधली. लेप जळताना वायू निर्माण होतो आणि तो वितळलेल्या धातूभोवती पडदा धरतो. उरलेला लेप काचेसारखा होऊन वर थिजतो आणि थंड होणाऱ्या सांध्याला हवेपासून झाकतो. वेल्डर नंतर हातोडीने ठोकून जो काळसर पापुद्रा उडवतो, तोच हा स्लॅग.

८/
येथे थोडे थांबावेसे वाटते. वेल्डिंगच्या इतिहासात यंत्रांची चर्चा फार होते आणि लेपाची फार थोडी. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. १९०७ नंतरच्या शंभर वर्षांत यंत्र कितीदा तरी बदलले. पण सांधा टिकला तो लेपातल्या मातीमुळे. वाईट यंत्र आणि चांगला रॉड असेल तर कुशल हात निभावून नेतो. उलटे असेल तर देवाचीच आशा.

९/
लेपाच्या शर्यतीत एक काळी नोंदही आहे. १९१२ च्या सुमारास ब्रिटनमध्ये आर्थर स्ट्रोमेंगर यांनी लेपाऐवजी तारेवर निळ्या ॲस्बेस्टॉसचा धागा गुंडाळलेला रॉड आणला. सांधे उत्तम होत. तो धूर ज्यांच्या फुप्फुसांत गेला त्यांचा विचार तेव्हा कुणी केला नाही. जुने यंत्र घेताना हे आठवावे, कारण ॲस्बेस्टॉस पुढे यंत्रांच्या आतल्या उष्णतारोधनातही वापरले गेले. फार जुन्या पेटीत पांढुरकी, तंतुमय दोरी किंवा पुठ्ठा दिसला तर तो फुंकर मारून साफ करू नये. हातच लावू नये.

१०/
मग महायुद्ध. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, तेव्हा तिच्या बंदरांत अनेक जर्मन जहाजे अडकून पडली होती. जप्ती येणार हे ओळखून जर्मन खलाशांनी घणांनी इंजिनांची बिडाची सिलिंडरे फोडून ठेवली होती. बीड जोडणे अवघड. नवी सिलिंडरे ओतायची तर एक वर्षाहून अधिक काळ. अमेरिकी नौदलाने विजेच्या वेल्डिंगवर डाव लावला आणि काही महिन्यांत ती जहाजे पुन्हा समुद्रात उतरवली. अमेरिकी सैन्याला फ्रान्सला पोहोचवण्याचे काम पुढे त्याच जहाजांनी केले. हे तंत्र दुरुस्तीच्या शेडमधून बाहेर पडले ते या प्रसंगाने. १९२० मध्ये इंग्लंडच्या बर्कनहेड येथे 'फुलागार' हे एकही रिव्हेट नसलेले सागरी जहाज तयार झाले. १९२९ मध्ये पोलंडमध्ये माउझित्से येथे स्तेफान ब्रिवा यांच्या आराखड्यानुसार वेल्डिंगने जोडलेला रस्त्याचा पूल उभा राहिला. तो आजही जपून ठेवला आहे. ब्रिवा मात्र वाचले नाहीत. डिसेंबर १९४३ मध्ये वॉर्सात जर्मनांनी त्यांना गोळ्या घातल्या.

११/
आता पाटीकडे वळू. पाटीवरचा पहिला प्रश्न असतो एसी की डीसी. प्रारंभीची यंत्रे सर्व डीसी: एक मोटर, तिला जोडलेला जनरेटर, दोघांचे मिळून बैलाएवढे वजन. एसी का चालत नसे? कारण एसी प्रवाह प्रत्येक आवर्तनात दोनदा शून्यावर येतो. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेत सेकंदाला १०० वेळा ज्योत विझते आणि १०० वेळा पुन्हा पेटावी लागते. उघडी तार ते करू शकत नाही. १९१९ मध्ये सी. जे. हॉल्सलॅग यांनी एसी वेल्डिंग करून दाखवले, पण बाजाराने ते दहा-बारा वर्षे मनावर घेतले नाही. जाड लेपाचे रॉड स्वस्त झाले तेव्हाच ते रुजले. १९२७ मध्ये अमेरिकेत लेप यंत्रातून दाबून चढवण्याची पद्धत आली. लेपात पोटॅशियमची संयुगे असली की विझलेल्या ज्योतीच्या जागी विद्युत्‌भारित वायू टिकून राहतो आणि ज्योत पुन्हा पेटते.

१२/
रॉडच्या पुड्यावरचा क्रमांक हा याच इतिहासाचा सांकेतिक लेख आहे. ई-६०१० आणि ई-६०११ हे जवळजवळ जुळे भाऊ. पहिल्याच्या लेपात सोडियम, म्हणून तो डीसीवरच चालतो. दुसऱ्यात पोटॅशियम, म्हणून एसीवरही. पहिले दोन अंक ताकद सांगतात: ६० म्हणजे दर चौरस इंचाला ६० हजार पौंड. तिसरा अंक १ असेल तर रॉड कुठल्याही स्थितीत, अगदी डोक्यावरच्या सांध्यालाही चालतो. शेवटचा अंक लेपाची जात सांगतो. ई-६०१३ हा आपल्या ग्रिलवाल्यांचा नेहमीचा रॉड. तो ५० व्होल्टच्या आसपासही निमूट पेटतो. ई-७०१८ मात्र हट्टी. एसीवर त्याला भारविरहित व्होल्टेज ७० किंवा अधिक लागते. तेव्हा पाटीवर ५० लिहिलेले असेल तर त्या यंत्रावर ७०१८ वापरण्याचे स्वप्न सोडून द्यावे. पाटीवरच्या पहिल्या आकड्याचा अर्थ एवढाच, पण तो न वाचल्याने किती लोक रॉडला शिव्या घालत बसतात!

१३/
एसी यंत्राला जनरेटर नको, मोटर नको. लोखंडी गाभा आणि दोन गुंडाळ्या पुरेत. त्यामुळे ते कारखान्यातून शेतावर गेले. १९२९ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात नील्स मिलर यांनी भंगारातल्या पोलादापासून छोटे एसी यंत्र बनवले, कारण आसपासच्या शेतकऱ्यांकडे एक फेजचीच वीज होती. १९३५ मध्ये अमेरिकी सरकारने ग्रामीण विद्युतीकरणाची संस्था स्थापली, तेव्हा दहातील नऊ शेतघरे अंधारात होती. तारा पोहोचल्या तशी ही यंत्रेही पोहोचली. त्यांतले लिंकन कंपनीचे उभे, वरून गोलसर यंत्र इतके पसरले की लोक त्याला 'थडग्याचा दगड' म्हणू लागले. ही थडगी आजही अमेरिकेत गोठ्यांच्या कोपऱ्यांतून चालू अवस्थेत विकली जातात. भारतात १९५१ मध्ये मुंबईत 'अडवाणी-ओर्लिकॉन' ही भारतीय-स्विस भागीदारी सुरू झाली आणि वेल्डिंगचा रॉड आपल्या कारखान्यांत बाहेरून आणायची वस्तू राहिली नाही.

१४/
त्या 'थडग्या'वर लिहिलेले असते: २२५ अँपिअर, २० टक्के. हा आकडा नवख्यांना हमखास फसवतो. २० टक्के ड्यूटी सायकल म्हणजे दहा मिनिटांतली दोन मिनिटे वेल्डिंग आणि आठ मिनिटे विश्रांती. गुंडाळी तापते प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणून प्रवाह कमी केला की मुदत झपाट्याने वाढते. गणित सोपे आहे. २२५ ला १०० ने भागा, वर्ग करा, २० ने गुणा: १०१ येतात. म्हणजे १०० अँपिअरवर हे यंत्र जवळजवळ अखंड चालू शकते. भाच्याचे काम १२ नंबरच्या, म्हणजे अडीच मिलिमीटरच्या रॉडचे. त्याला ७० ते ९० अँपिअर लागतात. १० नंबरला ९० ते १३०. तेव्हा "मोठ्या आकड्याचं घ्या" या सल्ल्यात थोडेसे तथ्य असते: मोठे यंत्र कमी प्रवाहावर थंड राहते. पण केवळ मोठा आकडा आणि शेजारी टक्केवारी नाही, अशी पाटी म्हणजे तारीख नसलेला ताम्रपट.

१५/
मघाशी लढाया म्हटले, त्यातली सर्वांत मोठी गोष्ट आता. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या जहाजे बुडवत होत्या त्याहून वेगाने जहाजे बांधायची, असे अमेरिकेने ठरवले. १९४१ ते १९४५ या काळात २,७१० 'लिबर्टी' जहाजे तयार झाली. रिव्हेट ठोकायला चार माणसांचा संच लागे. वेल्डिंग एका माणसाला, बहुधा काही आठवड्यांत शिकवलेल्या तरुण स्त्रीला, जमे. नोव्हेंबर १९४२ मध्ये 'रॉबर्ट ई. पिअरी' हे जहाज तळ घातल्यापासून साडेचार दिवसांच्या आसपास पाण्यात उतरले.

१६/
१६ जानेवारी १९४३ च्या रात्री ओरेगनमधील पोर्टलंड येथे 'स्केनेक्टडी' नावाचे नवे तेलवाहू जहाज गोदीला बांधलेले होते. वादळ नव्हते, टॉर्पेडो नव्हता, पाणी शांत होते. एकाएकी प्रचंड आवाज झाला आणि जहाज मधोमध दुभंगले; तळाची पट्टी तेवढी शिल्लक राहिली. लिबर्टी जहाजांनाही भेगा पडू लागल्या, काही भर समुद्रात तुटली. याआधी मार्च १९३८ मध्ये बेल्जियममध्ये हॅसेल्ट येथील वेल्डिंगचा पूल असाच कोसळला होता. लोकांनी निष्कर्ष काढला: वेल्डिंग कच्चे, बायकांनी केलेले तर त्याहून कच्चे.

१७/
हा निष्कर्ष आजही अनेक चित्रफितींत ऐकू येतो, म्हणून नीट सांगतो. केंब्रिजच्या धातुशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स टिपर यांनी तुटलेल्या पट्ट्या तपासल्या आणि दाखवून दिले की मूळ दोष पोलादात होता. त्या काळचे पोलाद ठरावीक तापमानाखाली गेले की लवचीकपणा सोडून काचेसारखे वागू लागे. थंड पाण्यात, चौकोनी कोपऱ्याच्या झडपेपाशी ताण साठला की भेग जन्म घेई. रिव्हेटच्या जहाजातही तेच पोलाद असे, पण तिथे भेग पट्टीच्या कडेला येऊन थांबे, कारण पुढची पट्टी वेगळी. वेल्डिंगने संपूर्ण जहाज एकसंध केले होते; भेगेला थांबायला जागाच उरली नाही. सदोष सांध्यांनी काही ठिकाणी भेगेला सुरुवात करून दिली हेही खरे. पण त्या मुलींच्या माथी मारलेला दोष त्यांचा नव्हता, आणि तो मारणे सोयीचे होते एवढेच.

१८/
याच वर्षांत लेपातला ओलावा हा दुसरा गुन्हेगार सापडला. ओलाव्यातून हायड्रोजन वितळलेल्या धातूत शिरतो आणि सांधा थंड झाल्यावर, कधी काही तासांनी, आतून तडकवतो. चिलखती पोलादावर याचा त्रास विशेष. त्यातून कमी हायड्रोजनचे रॉड आले आणि त्यांच्याच कुळातला ७०१८. हे रॉड ३०० अंशांहून अधिक तापमानाला भाजून कोरडे ठेवावे लागतात. आपल्या पावसाळ्यात उघडा पडलेला ७०१८ चा पुडा नावापुरताच ७०१८ राहतो. याउलट ६०१० आणि ६०११ च्या लेपाला थोडा ओलावा हवाच असतो. ते भाजले तर बिघडतात. म्हणून दुकानदार यंत्रासोबत "फुकट" देतात त्या धूळ खाल्लेल्या रॉडांनी खिडकीची जाळी जोडावी, ट्रॉलीची कडी जोडू नये. भरल्या उसाची ट्रॉली घाटात सुटली तर काय होते ते सांगायला नको.

१९/
आता हिरव्या पेटीच्या पाटीवरची शेवटची ओळ: ४१५ व्होल्ट, दोन लाइन. म्हणजे तीन फेजच्या पुरवठ्यातल्या दोन तारा. भाच्याच्या घरी एक फेजचे मीटर. विषय तिथेच संपायला हवा होता, पण दुकानदाराने एक फेजवर चालणारे दुसरे हवेवर थंड होणारे यंत्र पुढे केले आणि भाचा पुन्हा माझ्याकडे पाहू लागला. तेव्हा दुकानातल्या पावतीच्या पाठीवरच हिशेब मांडला.

२०/
१०० अँपिअरवर ज्योतीचे व्होल्टेज साधारण २४. म्हणजे प्रत्यक्ष सांध्यात जाते २.४ किलोवॅट. पण ट्रान्सफॉर्मरचे यंत्र प्रवाहाला आवर घालते ते चुंबकीय गळतीने, आणि त्याची किंमत पुरवठ्याच्या बाजूला मोजावी लागते. ८० व्होल्ट गुणिले १०० अँपिअर, म्हणजे ८,००० व्होल्ट-अँपिअर. भागिले २३०, म्हणजे सुमारे ३५ अँपिअर. घरगुती मुख्य स्विच बहुधा ३२ अँपिअरचा. रॉड चिकटला की दिवे मंदावणार, शेजारच्या घरातले लोक कुंपणावरून डोकावणार आणि स्विच पडणार. तो पडू नये म्हणून कुणी मोठा बसवला, तर भिंतीतली वायर वितळणार. हेच काम इन्व्हर्टरचे यंत्र साधारण १७-१८ अँपिअरमध्ये करते.

२१/
इन्व्हर्टर यंत्राची कल्पना अशी: आलेली वीज प्रथम डीसी करायची, मग सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट करायची आणि मग ट्रान्सफॉर्मरमधून न्यायची. वारंवारता वाढली की गाभा लहान होतो. म्हणून शंभर किलोच्या पेटीचे काम खांद्याला लटकणारी पेटी करते. फिनलंडच्या केंपी कंपनीने १९७७ मध्ये असे यंत्र बाजारात आणले. त्याला स्वस्त आणि दणकट केले ते आयजीबीटी या अर्धवाहक स्विचने. तो १९८० च्या सुमारास अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये विकसित करणारे बी. जयंत बालिगा हे मद्रास आयआयटीचे विद्यार्थी. २०२४ चे फिनलंडचे मिलेनियम तंत्रज्ञान पारितोषिक त्यांनाच मिळाले. पेर्मच्या तोफखान्यापासून निघालेली ही वाट मद्रासवरून उद्यमनगरात आली आहे.

२२/
मग जुने ट्रान्सफॉर्मर घेऊच नये का? घ्यावे, तीन फेजची वीज असेल, रोजचे काम असेल, तर तेलाची पेटी नातवापर्यंत टिकते. फक्त पारखून घ्यावी. मेगरने पुरवठ्याची गुंडाळी आणि रॉडची गुंडाळी यांमधला रोध मोजावा. पाच मेगओहमहून कमी आला तर नमस्कार करून निघावे, कारण तो रोध तुटला की होल्डरवर थेट लाइनची वीज येते. पावसाळ्यात घामेजल्या हाताला तर ८० व्होल्ट एसीसुद्धा पुरते. गुंडाळी तांब्याची की ॲल्युमिनियमची, हे वार्निशवरून कळत नाही. कोपऱ्यात खिळ्याने खरवडून पाहावे. ॲल्युमिनियम वाईटच असे नव्हे, पण त्याचे सांधे सैल पडतात आणि तांब्याच्या भावाने ते घेऊ नये. जळक्या वार्निशचा वास लपत नाही. तेल काळे असेल, गळत असेल, तर किंमत उतरवण्याऐवजी बेत बदलावा. आणि फार जुन्या यंत्रात पॉवर फॅक्टरसाठी बसवलेला कपॅसिटर फुगलेला, गळका दिसला तर त्यात पीसीबी नावाचे विषारी तेल असू शकते; २००१ च्या स्टॉकहोम कराराने ते २०२५ पर्यंत वापरातून हटवायचे ठरवले.

२३/
जुन्या इन्व्हर्टरची पारख वेगळी. झाकण उघडून पाहावे. ग्राइंडरचा लोखंडी भुसा पंख्याने ओढून सर्किटवर बसवलेला असेल तर ते यंत्र आज चालेल, उद्याची खात्री नाही. छोट्या पेटीवर '४००' असा भला मोठा आकडा रंगवलेला असतो. तो आकडा बहुधा यंत्राचे नाव असते, क्षमता नव्हे. खरी क्षमता मागच्या छोट्या पाटीवर, टक्केवारीसह. आणि यंत्र कुठलेही असो, दुकानातच दोन-तीन रॉड सलग जाळून दाखवायला सांगावे. आमच्या दुकानदारांनी दुसऱ्या यंत्रासाठी "आत्ता लाइट नाही" असे सांगितले, तेव्हा डोक्यावरची ट्यूबलाइट चालू होती.

२४/
शेवटी भाच्याने तिसऱ्या दुकानातून एका हाती वापरलेले २०० अँपिअरचे इन्व्हर्टर यंत्र घेतले. पाटी शाबूत, ६० टक्के लिहिलेले, सर्किट स्वच्छ. १० नंबरचे तीन रॉड सलग जाळले. चौथ्याला मीच थांबवले. यंत्रासोबतच्या केबलचे रबर तडकले होते, ती नवी घेतली. काळ्या काचेचे शिरस्त्राणही नवे घेतले. आमच्या लहानपणी वेल्डिंगने डोळे चुरचुरले की रात्री पापण्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवत. त्या उपायाची पाळी येऊ नये म्हणून हा खर्च. "पण मामा, ती हिरवी पेटी काय दिसत होती!" असे तो परतीच्या वाटेवर दोनदा म्हणाला. खरे सांगायचे तर मलाही तिची पाटी तेवढी उचलून आणावीशी वाटत होती.

२५/
तुमच्या घरी, आजोबांच्या शेडमध्ये, गावच्या साखर कारखान्यात असे जुने वेल्डिंग यंत्र असेल तर त्याच्या पाटीचे छायाचित्र खाली टाका. वर्ष पुसले असले तरी चालेल. व्होल्टेज, टक्केवारी आणि रोधनाचा वर्ग वाचता आला तर काळ साधारण बांधता येतो. रोधनाचा वर्ग 'ए' असेल तर आत कापूस आणि कागद, मर्यादा १०५ अंश. 'एच' असेल तर १८०. चांगली पाटी निघाली तर तिच्यावर स्वतंत्र धागा लिहीन.